शस्त्रक्रियेला पूर्ण गुण, नंतरच्या देखरेखीला नाहीत : नवी मुंबईतील वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज

नवी मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात मी वजन कमी करण्यासाठी मिनी गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळणारी शस्त्रक्रिया) करून घेतला, त्याला आता पावणेतीन वर्षे होतील. शस्त्रक्रिया, तीन दिवसांचा मुक्काम आणि पुढचे एक वर्ष डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या ठरलेल्या भेटी, असे सगळे मिळून साडेतीन लाखांचे पॅकेज होते आणि हे परीक्षण त्या संपूर्ण पॅकेजचे आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गेल्या वर्षभरात ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या, अशी शस्त्रक्रिया झालेल्या ज्या ज्या व्यक्तींशी माझे बोलणे झाले, त्यांच्या कागदांतही मला तीच उणीव दिसली : शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडांवर लक्ष ठेवण्याची सोयच नाही. एकाच नावावर बोट ठेवले तर इतरत्र जाणारे वाचक विनाकारण निर्धास्त होतील.

मी पाचपाखाडीला राहते आणि बेलापूरला नोकरी करते. शस्त्रक्रियेच्या वेळी माझे वय ४६, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ११८ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) जवळजवळ ४८. नऊ वर्षांचा मधुमेह होता, रक्तदाब होता, झोपेत श्वास अडकत असे आणि लघवीतून प्रथिने जायला सुरुवात झाली होती. पथ्य, चालणे, इन्सुलिन हे सारे करून झाले होते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया मी हौसेने केली असे कोणी समजू नये, आणि ती करायला नको होती असे मला आजही वाटत नाही.

जे चांगले होते ते आधी सांगते. शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाची, फुफ्फुसांची आणि झोपेची तपासणी काटेकोरपणे झाली, एंडोस्कोपी झाली, आणि भूलतज्ज्ञ स्वतः येऊन अर्धा तास बोलले. विम्याच्या टेबलावरील कर्मचाऱ्यांनी कागदपत्रे इतकी नीट लावून दिली की, मंजुरी पहिल्याच फेरीत मिळाली. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या निकषांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून अनियंत्रित मधुमेहासारखे गंभीर आजार असतील, तर वैद्यकीय सल्ल्याने केलेल्या अशा शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळू शकतो. ही गोष्ट पुष्कळांना अजून माहीत नाही आणि ती आम्हाला त्यांनीच समजावून सांगितली. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेच्या जखमा आठ दिवसांत भरल्या. इन्सुलिन महिन्याभरात बंद झाले आणि चौदा महिन्यांत वजन ७४ किलोवर आले. लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण आधी १४० होते, ते ३५ वर उतरले, म्हणजे मधुमेहामुळे मूत्रपिंडाला जी झीज लागली होती ती या शस्त्रक्रियेने थोपवली. सर्जनच्या हाताला मी पूर्ण गुण देते.

माझी तक्रार त्या निळ्या फाइलबद्दल आहे, जी घरी जाताना हातात दिली गेली. फाइलमध्ये रंगीत छापलेला आहाराचा तक्ता होता. त्यात दुसऱ्या आठवड्यापासून गाळलेले पालकाचे सूप, चौथ्या आठवड्यापासून रात्री भिजवून सोललेले दहा बदाम आणि 'रक्तवाढीसाठी' बिटाचा रस होता. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी 'रात्री झोपताना' घ्यावी असे लिहिले होते. पाण्याविषयी 'भरपूर पाणी प्यावे' एवढी एकच ओळ होती. वर्षभराच्या भेटींसाठी तपासण्यांची जी यादी छापली होती, तिच्यात हिमोग्लोबिन, जीवनसत्त्व ब-१२, जीवनसत्त्व ड, लोह, यकृत, थायरॉइड हे सर्व होते. मूत्रपिंडासाठी फक्त क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) होते, तेही वर्षातून दोनदा. लघवीच्या तपासणीचा उल्लेख कुठेही नव्हता. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी ती फाइल गीतेसारखी पाळली. सव्वा वर्ष रोज सकाळी दहा बदाम खाल्ले आणि आठवड्यातून चार दिवस पालक खाल्ला.

पाण्याचे काय होते ते नोकरी करणाऱ्या बायकांना वेगळे सांगायला नको. बायपासनंतर जठराची एक अरुंद नळीच उरते, एका दमात पेलाभर पाणी पिता येत नाही आणि जेवणाच्या मागेपुढे अर्धा तास पाणी टाळायचे असते. म्हणजे दिवसभर घोट घोट घेत राहणे हाच एक मार्ग असतो. पण सकाळची ठाणे-पनवेल लोकल, त्यानंतर कार्यालयातले एकच स्वच्छतागृह आणि संध्याकाळी पुन्हा गर्दी, या सगळ्यात मी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जेमतेम अर्धा लिटर पाणी पीत होते. मे महिन्यात डब्यात उभ्याने घाम गळत असे, तेव्हाही तेवढेच. ही सवय शस्त्रक्रियेच्या आधीही होती, पण तेव्हा ती शरीराने निभावून नेली होती.

पहिली सूचना अकराव्या महिन्यात मिळाली होती, मला ती ओळखता आली नाही. जुईनगरच्या सुमारास गाडीत उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शेजारच्या बाईंनी धरून बसवले. वरचा रक्तदाब ९० पर्यंत उतरला होता. वजन ४० किलो उतरले तरी टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध आणि लघवी वाढवणारे औषध यांची एकत्रित गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू होती. वजन उतरते तसा रक्तदाबही उतरतो, आणि अंगात पाणी कमी असताना ही औषधे तशीच चालू राहिली तर मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा दाब घसरून त्यांना इजा होऊ शकते. म्हणून या गोळ्यांची मात्रा पहिल्या आठवड्यापासून पुन्हा पुन्हा तपासावी लागते. पॅकेजमधल्या तीन भेटींमध्ये माझे वजन, इंचांतली घट आणि छायाचित्रे यांची नोंद झाली, रक्तदाब मोजलाही गेला, पण गोळीकडे कोणी पाहिले नाही.

पंधराव्या महिन्यात डाव्या कुशीतून जांघेकडे जाणारी कळ आली. ज्यांना मुतखडा झाला आहे त्यांना तिचे वर्णन नको असेल. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत ५ मिलिमीटरचा आणि उजव्या मूत्रपिंडात ७ मिलिमीटरचा खडा दिसला. क्रिएटिनिन, जे शस्त्रक्रियेपूर्वी ०.८ होते, ते १.९ झाले होते. मी रुग्णालयात फोन केला. 'मॅडम, तुमचे पॅकेज संपले आहे, नव्याने नोंदणी करावी लागेल,' असे पलीकडून सांगितले गेले. नोंदणी केली, चार दिवसांनी भेट मिळाली, आणि तिथे उत्तर मिळाले की मुतखडा कोणालाही होतो, त्याचा शस्त्रक्रियेशी संबंध लावू नका. या एका वाक्यासाठी मी हे परीक्षण लिहीत आहे, कारण ते वाक्य चुकीचे आहे.

मला ते कळले ठाण्यातल्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांमुळे. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत त्यांचा दवाखाना आहे आणि तिथे दीड तास थांबावे लागते, पण त्यांनी कागदाच्या पाठीमागे आतड्याचे चित्र काढून मला सारे समजावले. पालेभाज्या, सुकामेवा, चहा यांतून ऑक्झलेट नावाचे द्रव्य रोज आपल्या पोटात जाते. एरवी आतड्यातच त्याची कॅल्शियमशी गाठ पडते आणि ती जोडी शौचावाटे निघून जाते. माझ्यासारख्या बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, बहुधा १५० ते २०० सेंटिमीटर, अन्नाच्या वाटेतून वगळलेला असतो, त्यामुळे स्निग्ध पदार्थ पूर्ण पचत नाहीत. हे न पचलेले स्निग्धांश आतड्यातले कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याचा साबण बनतो. कॅल्शियम असे अडकले की ऑक्झलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात गाळले जाताना तिथल्या कॅल्शियमला भेटते. पाणी कमी असेल तर लघवी दाट होते आणि स्फटिक बनतात. मोठे झाले तर ते खडे होतात. पण बारीक स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांमध्येच रुतून बसले, तर खडा न होता, कळ न येता, मूत्रपिंड आतून खराब होत जाते. या दुसऱ्या प्रकाराची भीती अधिक, कारण त्यात रुग्णाला बराच काळ काही जाणवत नाही. काही रुग्णांवर त्यामुळे डायलिसिसची वेळ आलेली आहे आणि काहींचा बायपास उलटवावा लागला आहे.

ही माहिती काही कालपरवाची नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी जेजुनोइलियल बायपास नावाची शस्त्रक्रिया सुरू झाली. पुढच्या दोन दशकांत ती पुष्कळांवर झाली आणि यकृताचे विकार, ऑक्झलेटचे खडे व मूत्रपिंड निकामी होणे यांमुळे ती सोडून द्यावी लागली. आजच्या शस्त्रक्रिया तिच्याहून कितीतरी सुरक्षित आहेत. तरी जिथे आतड्याची वाट बदलली जाते, तिथे हा धोका कमी प्रमाणात का होईना राहतोच. केवळ जठर छोटे करणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत आतडे वगळले जात नसल्याने ऑक्झलेटचा धोका कमी असतो, पण उलट्या आणि कमी पाणी यांमुळे मूत्रपिंडाला होणारी इजा तिथेही होऊ शकते. सत्तर वर्षांपूर्वी ज्याची सुरुवात झाली त्या अनुभवातून आलेली ही गोष्ट साडेतीन लाखांच्या पॅकेजमधल्या आहाराच्या तक्त्यापर्यंत पोचू नये, याचे मला फार वाईट वाटते.

निदानासाठी जी तपासणी लागली तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ती स्वस्त आहे, घरी होते आणि कोणी सुचवत नाही. तिला चोवीस तासांच्या लघवीची तपासणी म्हणतात. प्रयोगशाळेचा मुलगा घरी येऊन पाच लिटरचा पांढरा कॅन देऊन गेला. त्याच्या तळाशी थोडे आम्ल होते. 'ताई, थेट कॅनमध्ये करू नका, आधी डब्यात घ्या आणि मग सावकाश ओता. सकाळची पहिली लघवी सोडून द्या, तिथपासून धरा आणि दुसऱ्या दिवशीची पहिली कॅनमध्ये घ्या,' असे त्याने दारातच दोनदा सांगितले आणि माझ्याकडून वदवून घेतले. रविवारी सकाळी साडेसहाला सुरू करून सोमवारी साडेसहाला मी तो कॅन भरला. भरला म्हणणेही बरोबर नाही; संपूर्ण दिवसाची लघवी १,०५० मिलिलिटर होती आणि तळाच्या खुणांच्या वर जेमतेम पोचली होती. सुटीच्या दिवशी, घरात असताना ही अवस्था, तर कामाच्या दिवशी काय असेल, हे त्या कॅनकडे पाहून मला कोणी न सांगता समजले. चार दिवसांनी अहवाल आला. ऑक्झलेट सामान्यतः दिवसाला ४० ते ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे लागते, माझे ९२ होते. आणि खडे होऊ न देणारे सायट्रेट फारच कमी होते.

क्रिएटिनिनबाबतही मला नवी गोष्ट कळली. ते स्नायूंतून तयार होते, आणि ४४ किलो वजनाबरोबर माझे स्नायूही उतरले होते, म्हणून क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंडाची स्थिती आहे त्याहून बरी दाखवू शकतो. डॉक्टरांनी सोबत सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करून घेतली, जी स्नायूंवर तितकी अवलंबून नसते. वर्षातून दोनदा फक्त क्रिएटिनिन पाहणाऱ्या त्या यादीवर माझा विश्वास इथे संपला. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकात पाहण्याचीही चर्चा झाली. ध्रुवित प्रकाशात ऑक्झलेटचे स्फटिक चमकतात आणि निदान पक्के होते. पण सलाइन दिल्यावर आणि रक्तदाबाची ती गोळी थांबवल्यावर क्रिएटिनिन उतरू लागले, डावीकडचा खडा आपोआप पडला, म्हणून बायोप्सी लांबणीवर टाकली.

उपचारात मला सर्वांत चकित करणारी गोष्ट कॅल्शियमची होती. कळ आल्यावर माझ्या नणंदेने फोनवर सांगितले होते की, खडा कॅल्शियमचा असतो, तेव्हा ती गोळी आधी बंद कर; आणि मी बंद केलीही होती. खरे नेमके उलट आहे. कॅल्शियम जेवणासोबत पोटात गेले तरच ते ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. रात्री रिकाम्या पोटी घेतले तर अन्नातल्या ऑक्झलेटशी त्याची भेटच होत नाही. शिवाय बायपासनंतर जठरात आम्ल कमी असल्याने कार्बोनेटपेक्षा सायट्रेट प्रकारचे कॅल्शियम बरे शोषले जाते. आता मी कॅल्शियम सायट्रेट दोन्ही जेवणांबरोबर घेते, पोटॅशियम सायट्रेटचे द्रावण घेते, तळलेले जवळजवळ सोडले आहे. पालक, चाकवत, चुका, अळू, राजगिऱ्याचा पाला, बीट आणि बदाम बंद. मेथी, दुधी, पडवळ, कोबी आणि घरचे ताक चालू. बाजारातल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही बंद केल्या, कारण जास्तीच्या क जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट बनते. गुडघ्यांसाठी मी अधूनमधून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत असे, ते डॉक्टरांनी कायमचे थांबवले. मूत्रपिंडाला तर ते घातक आहेच, पण बायपासच्या जोडावर त्याने व्रणही होतो. हे दुसरे कारण तरी शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये असायला हवे होते. ही पथ्ये माझ्या अहवालांवर बेतलेली आहेत, ती कोणी जशीच्या तशी उचलू नयेत. मधुमेह, पोटॅशियम आणि उरलेल्या मूत्रपिंडाची ताकद पाहून ती प्रत्येकाची बदलतात.

पाण्याची जबाबदारी मात्र माझी होती आणि मी ती घेतली. कार्यालयात साहेबांना अहवाल दाखवून जागा बदलून घेतली, आता मी स्वच्छतागृहाजवळच्या टेबलावर बसते. पाऊण लिटरच्या बाटलीवर तासांच्या रेघा मारल्या आहेत. ती दिवसात चार वेळा रिकामी होते. लक्ष्य पाणी किती प्यायले याचे नसते, लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हावी याचे असते, आणि मे महिन्यात त्यासाठी जास्त प्यावे लागते. सहा महिन्यांनंतरच्या कॅनमध्ये २,२०० मिलिलिटर भरले आणि ऑक्झलेट ५४ वर आले. क्रिएटिनिन १.३ वर थांबले आहे. ते पुन्हा ०.८ होणार नाही, असे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले आहे, आणि उजवीकडचा खडा अजून तिथेच आहे.

आता गुणांचे. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातली शुश्रूषा यांना पाचापैकी पाच. विम्याच्या मदतीलाही पाच. आहारतज्ज्ञांना दोन, त्या मनमिळाऊ होत्या आणि प्रथिनांबद्दलचे त्यांचे मार्गदर्शन चांगले होते, पण बदाम आणि पालक लिहून देताना समोरच्या रुग्णाचे आतडे बदलले आहे याचा विचार त्या तक्त्यात नव्हता. वर्षभरानंतरच्या सेवेला मी एकही गुण देऊ शकत नाही. आतडे जन्मभरासाठी बदलले जाते आणि देखरेख बारा महिन्यांत संपते, हा हिशेब कुठल्याही रुग्णालयाने पुन्हा मांडायला हवा. ज्यांना आधीच मुतखडा होऊन गेला आहे किंवा ज्यांचे मूत्रपिंड आधीच थोडे दुबळे आहे, त्यांनी बायपास की स्लीव्ह हा प्रश्न सही करण्यापूर्वी मूत्रपिंडविकारतज्ज्ञांसमोर ठेवावा. मला तसे कोणी सुचवले नव्हते आणि माझ्या लघवीतून तेव्हाच प्रथिने जात होती. तेलकट, पाण्याने न वाहून जाणारे शौच होत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मला ते आठ महिने होत होते आणि संकोचामुळे मी एकदाही बोलले नाही.

जानेवारीत मी हे सगळे अहवालांच्या प्रतींसह रुग्णालयाला लेखी कळवले. सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचे दोन ओळींचे उत्तर आले. मागच्या महिन्यात आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींची तिथे हीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांना भेटायला गेले आणि उशाशी ठेवलेली निळी फाइल उघडून पाहिली. तक्ता तोच होता, दुसऱ्या आठवड्यात पालकाचे सूप, चौथ्यात दहा बदाम. वहिनींना विचारून मी त्या दोन ओळींसमोर पेनाने प्रश्नचिन्हे केली आणि खाली लिहिले : 'तिसऱ्या महिन्यात चोवीस तासांची लघवी तपासायची का, कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यायचे का, रक्तदाबाची गोळी कमी करायची का, हे सर्जनना पुढच्या भेटीत विचारणे.' शुक्रवारी त्यांची भेट आहे आणि मी त्यांच्यासोबत वाशीला जाणार आहे.